मोटारसायकलचा अपघात : दोष कोणाचा, भरपाई कोणाकडून?

नंदुरबार जिल्ह्यात आता सायकल दिसते ती बहुधा शाळेच्या पोरांच्या हातात. कामावर जाणारा माणूस मोटारसायकलवर जातो. मार्केट यार्डातला हमाल, नगरपालिकेचा सफाई कामगार, गवंडी, शहाद्याकडे ऊसतोडीला जाणारे जोडपे, नवापूर ओलांडून गुजरातेत कंपनीत पाळीला जाणारा तरुण, अशा कितीतरी जणांच्या दारात, हप्त्याची का होईना, एक मोटारसायकल उभी असते. एस.टी.ची वाट पाहण्यात पाळी चुकते आणि पाळी चुकली की खाडा पडतो, म्हणून घेतलेली. त्यामुळे आपल्या वस्तीत अपघाताची बातमी येते तीही बहुतेक वेळा मोटारसायकलचीच असते.

अपघातानंतरचे पहिले दोन दिवस सिव्हिल हॉस्पिटल, पोस्टमॉर्टेम आणि अंत्यविधीत जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी एक मध्यस्थ येतो. तो बहुधा ओळखीचाच असतो. तो सांगतो, "वहिनी, गेलेला माणूस काही परत येत नाही. गाडीवाला भला आहे, पन्नास हजार द्यायला तयार आहे. कोर्टकचेरीत तुमचे आयुष्य जाईल." घरात पैसा नसतो, पाहुणे बसलेले असतात, दवाखान्याची उधारी असते. मग शंभराच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा उमटतो. "आमची काहीही तक्रार नाही", एवढेच त्यावर लिहिलेले असते. पुढे कोणी शहाण्याने दावा लावायला सांगितले, तर तोच कागद कोर्टात त्या बाईच्या विरोधात पुढे केला जातो.

तो पन्नास हजारांचा कागद किती महाग पडतो, याचा हिशोब आम्ही पुढे मांडणार आहोत. त्याआधी मूळ प्रश्न घेऊ : भरपाई द्यायची कोणी?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातले अपघाताच्या भरपाईचे बदल १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. या कायद्याच्या कलम १६६ खाली जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. लोक त्याला 'क्लेमचे कोर्ट' म्हणतात. तेथे तीन जणांना समोर उभे करायचे असते. गाडी हयगयीने चालवणारा चालक पहिला. गाडी ज्याच्या नावावर आहे तो मालक दुसरा, कारण त्याच्या संमतीने गाडी चालवणाऱ्याच्या चुकीला तोही बांधलेला असतो. तिसरी त्या गाडीची विमा कंपनी. प्रत्यक्षात पैसे येतात ते बहुधा तिसऱ्याकडून. म्हणून गाडीवाला गरीब आहे, त्याच्याकडून काय निघणार, असे समजून गप्प बसू नये. त्याचप्रमाणे गाडीवाला ओळखीचा आहे, त्याला कशाला बुडवायचे, अशी दयाही दाखवू नये. विमा चालू असेल आणि चालकाकडे लायसन असेल, तर त्याच्या खिशातून बहुधा काहीच जात नाही. विम्याचा हप्ता त्याने त्यासाठीच भरलेला असतो.

फौजदारी खटला आणि हा दावा वेगळे आहेत, हेही समजून घेतले पाहिजे. पोलीस चालकावर गुन्हा लावतात. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ व १०६ खाली लागतो, पूर्वी दंडविधानाच्या २७९ व ३०४-अ खाली लागत असे. त्या खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. क्लेमच्या कोर्टात तेवढा कडक पुरावा लागत नाही. घटना अशी घडली असण्याचा संभव जास्त आहे, एवढे दाखवले तरी पुरते. सर्वोच्च न्यायालयाने हे २००९ साली स्पष्ट सांगितले आहे. म्हणून चालक फौजदारी कोर्टातून सुटला म्हणजे आपला दावा बुडाला, असे मुळीच नाही. फिर्याद द्यायला उशीर झाला, तरी केवळ तेवढ्याने दावा जात नाही. घरचे लोक आधी जखमीला घेऊन धावतात, ठाण्यात नंतर जातात, हे २०११ च्या एका निकालात न्यायालयाने मान्य केले आहे.

आता एक खरा खटला सांगतो. तो आपल्या जिल्ह्यातला नाही, पण आपल्या घरातला वाटावा असा आहे. मे २०१० मध्ये एक तरुण मोटारसायकलवर मागे बसून पुणे जिल्ह्यातील कामशेतकडे चालला होता. मुंबई-पुणे महामार्गावर रिक्षाची धडक बसली आणि तो गेला. त्याची पत्नी तेव्हा १९ वर्षांची होती. तिने दावा केला. दावा चालू असताना तिने दुसरे लग्न केले. न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, तेव्हा विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे दोन मुद्द्यांवर होते. एक, बाईने पुनर्विवाह केला, आता ती विधवा राहिली नाही, तिला पैसे कशाचे? दुसरे, रिक्षाला परवाना ठाणे जिल्ह्यापुरता होता, ती त्याबाहेर चालत होती, म्हणून विम्याच्या अटी मोडल्या.

मार्च २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिवकुमार डिगे यांनी कंपनीचे दोन्ही मुद्दे फेटाळले. अपघात झाला त्या दिवशी ती त्याची पत्नी होती, एवढे तिच्या हक्काला पुरेसे आहे. पतीच्या मृत्यूची भरपाई मिळावी म्हणून एखाद्या तरुण बाईने जन्मभर, किंवा पैसे हाती येईपर्यंत, विधवाच राहावे अशी अपेक्षा धरता येणार नाही, असा निकालाचा आशय आहे. परवान्याच्या मुद्द्यावर कंपनीने पुरावाच दिलेला नव्हता.

या निकालाची बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत आली आणि विसरली गेली. आम्हाला मात्र ती घराघरात सांगण्यासारखी वाटते. आपल्या समाजात विधवेच्या लग्नाला बंदी नाही. निदान तसे आपण म्हणतो तरी. पण भरपाईचा पैसा मध्ये आला की भाषा बदलते. "लग्न केलेस तर क्लेमवरचा हक्क गेला", असे वीस-बावीस वर्षांच्या पोरीला सासरचेच सांगतात, आणि माहेरचे ते खरे मानतात. कधी याच भीतीने चांगले स्थळ परत जाते, कधी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली जाते. आता उत्तर सोपे आहे. असे सांगणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल सांगावा.

या खटल्यात तरुण मागे बसलेला होता आणि चूक रिक्षाची होती. त्यामुळे विम्याच्या दृष्टीने तो 'तिसरी व्यक्ती' ठरला. पण मागे बसलेल्याच्या बाबतीत एक खोच आहे, ती फार जणांना माहीत नसते. समजा, मेहुण्याच्या मोटारसायकलवर मागे बसला आणि मेहुण्याच्याच चुकीने गाडी घसरली. आता दावा मेहुण्याच्या गाडीच्या विम्यावर येतो. त्या गाडीचा विमा फक्त कायद्यापुरता, म्हणजे ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो तो असेल, तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २००६ आणि २००८ मध्ये सांगितले आहे. विमा फुल म्हणजे पॅकेज असेल तर मात्र मागे बसलेलाही त्यात धरला जातो. दोन्हींच्या हप्त्यात फरक आहे, पण बायको आणि पोरे रोज ज्या सीटवर बसतात त्या सीटचा तो विमा आहे. विमा काढताना एजंटाला हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

स्वतःच्याच चुकीने पडले तर? कुत्रे आडवे आले, वळणावर वाळू होती, समोर दुसरी गाडीच नव्हती. अशा वेळी कलम १६६ खाली कोणाकडे मागणार? दोष स्वतःचाच असेल तर तो दावा टिकत नाही, आणि २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात हेच कायम केले. यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख आहे. तो मालकाच्या नावाने असतो आणि त्याच्याकडे चालू लायसन असावे लागते. मित्राची गाडी मागून नेली आणि त्यावर पडलो, तर तो मालकाच्या जागी उभा राहिला असे धरले जाते. त्या गाडीच्या विम्यावर तिसरी व्यक्ती म्हणून मागता येत नाही. आपली पोरे एकमेकांच्या गाड्या चावीसकट फिरवतात. त्यांना हे कोणी सांगत नाही.

तिघे जण एका गाडीवर होते, म्हणून दावा कापला जाईल का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तिघे बसणे कायद्याविरुद्धच आहे, दंडही होतो. पण जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा त्यामुळेच इजा वाढली, हे दाखवल्याशिवाय केवळ तेवढ्या कारणाने भरपाई कापता येणार नाही. मागून कारने उडवले असेल, तर गाडीवर दोन होते की तीन, याने कारवाल्याचा दोष कमी होत नाही. याचा अर्थ तिघांनी बसावे असा कोणी घेऊ नये. हेल्मेटचेही तसेच. कलम १२९ प्रमाणे ते चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही बंधनकारक आहे.

आपल्याकडे गाळप हंगामात आणखी एक प्रकार घडतो. उसाची ट्रॉली रस्त्यात पंक्चर होते, ट्रॅक्टर निघून जातो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, चार दगड ठेवलेले. रात्री घरी येणारा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. मग सांगतात, ट्रॉली तर उभीच होती, धडकला तो, दोष त्याचा. हे चूक आहे. दिवा न लावता रस्त्यात गाडी सोडून जाणे ही हयगयच आहे. २०१८ आणि २०२४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने अशा उभ्या वाहनांचाच पूर्ण दोष धरला आणि धडकणाऱ्यावर टाकलेला अर्धा दोष काढून टाकला. यात महत्त्वाचा आहे तो घटनास्थळाचा पंचनामा. ट्रॉली रस्त्याच्या किती आत होती, मागे रिफ्लेक्टर होता का, जागेवर उजेड होता का, हे त्यात आले पाहिजे. पंचनाम्याच्या वेळी घरचा एक तरी जाणता माणूस तेथे हजर असावा. मोबाइलवर फोटो काढावेत, कारण सकाळपर्यंत ट्रॉली हललेली असते.

दोन्ही गाड्यांची चूक असेल तर न्यायाधिकरण टक्के ठरवते. मयताची चूक ३० टक्के धरली तर भरपाई तेवढी कमी होते. पण मागे बसलेल्याला हे लागू नाही. त्याने गाडी चालवलेलीच नसते. दोन चालकांच्या चुकीने तो जखमी झाला असेल, तर तो दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, असा २०१५ चा निकाल आहे. वाटणी त्या दोघांनी आपसात पाहावी.

येथे थोडे विषयाबाहेर जाऊन पिकअपबद्दल लिहिणे भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटली आणि कितीतरी आदिवासी घरांतले तरुण गेले. लग्नाच्या वऱ्हाडाला, जयंतीच्या मिरवणुकीला, मजुरीला आपलेही लोक अशाच मालवाहू गाडीत उभे राहून जातात. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी कायद्याने विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये ठरवले आहे. स्वतःचा माल घेऊन त्याच्यासोबत बसलेला मालधनी तेवढा अपवाद. बाकीच्यांना गाडीमालकाच्या मागे लागावे लागते आणि त्याच्याकडे विकायला ती मोडकी गाडीच उरलेली असते. मंडळाने गाडी ठरवताना दोन पैसे जास्त द्यावेत, पण प्रवासी परवान्याची गाडी घ्यावी.

आता तो हिशोब. समजा, मार्केट यार्डात काम करणारा ३४ वर्षांचा हमाल आहे. महिन्याची कमाई १५ हजार. घरात पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. वर्षाची कमाई १ लाख ८० हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या 'प्रणय सेठी' निकालाप्रमाणे, कायम नोकरी नसलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. झाले २ लाख ५२ हजार. तो स्वतःवर काही खर्च करत असेलच. अवलंबून असणारी माणसे चार ते सहा असतील तर त्यासाठी चौथा हिस्सा वजा करायचा. उरले १ लाख ८९ हजार. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तो तक्ता २००९ च्या 'सरला वर्मा' निकालात दिलेला आहे. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६. उत्तर येते ३० लाख २४ हजार.

याशिवाय पत्नी, मुले आणि आई यांनी गमावलेल्या सहवासापोटी प्रत्येकी वेगळी रक्कम मिळते. अंत्यविधीचा खर्च आणि मालमत्तेच्या नुकसानीपोटीही मिळते. २०१७ साली या रकमा अनुक्रमे ४० हजार, १५ हजार आणि १५ हजार ठरल्या आणि दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढ ठरवून दिली. शिवाय साधारणतः अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज. हमालाची ही कमाई न्यायाधिकरणाने मानली आणि दोष पूर्ण समोरच्याचा ठरला, तर एवढे होते. आता हे तीस लाख आणि मध्यस्थाचे ते पन्नास हजार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

कमाईचा कागद नसतो, ही खरी अडचण. हमालाला पगारपत्रक कोण देणार? माथाडी मंडळाची नोंद, मुकादमाची वही, बँकेतला भरणा, बचतगटाच्या कर्जाचे हप्ते, सोबतच्या हमालाची साक्ष, जे असेल ते द्यावे. काहीच नसेल तर किमान वेतनाचा आधार घेतला जातो. २०२१ च्या एका निकालात न्यायालयाने सांगितले आहे की, पगाराचा कागद नाही म्हणून कमाई अगदी तळाची धरू नये.

आणि गेलेली व्यक्ती घरातली बाई असेल तर? नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठ खुडणारी बाई संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक, पाणी, म्हाताऱ्यांचे औषधपाणी पाहते. तिचा दावा करताना घरचे लोक 'घरकाम' असे एका शब्दात लिहून मोकळे होतात. पथारीवरची मजुरी वेगळी लिहावी आणि घरातले कामही वेगळे लिहावे. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशात किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून सांगितले आहे, आणि जानेवारी २०२१ च्या निकालात तर फार ठामपणे. मजुरी करत नसली तरीही.

जखमी माणसाच्या दाव्यात अपंगत्वाच्या टक्क्यावर सगळे येऊन ठेपते. येथे वकिलाला एक गोष्ट आठवण करून द्यावी. डॉक्टरांनी लिहिलेला टक्का हा शरीराचा असतो, कमाईचा नसतो. २०१० च्या एका निकालात उदाहरण दिले आहे : डावा हात तुटला तर कारकून कदाचित नोकरीत राहील, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळीच जाईल. गवंड्याचा पाय आखूड झाला आणि दाखल्यावर ३० टक्के असले, तरी परातीवर चढता येत नसेल तर त्याचे नुकसान ३० टक्के नाही. हे त्याने साक्षीत स्वतःच्या शब्दांत सांगितले पाहिजे.

गाडी ठोकून पळाली आणि नंबरच मिळाला नाही, तर कलम १६१ खाली सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. पूर्वी हे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. एका महिन्यात गाडीचा शोध लागला नाही तर पोलिसांनीच घरच्यांना या योजनेची माहिती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. तशी माहिती आपणहून कोणी दिली नाही, तर ठाण्यात जाऊन हा आदेश सांगावा.

दोष सिद्ध करता येणार नाही असे वाटत असेल, पण गाडी माहीत असेल, तर कलम १६४ आहे. त्यात हयगय दाखवावी लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. बिनदोषाची ही भरपाई १९८२ साली कायद्यात आली, तेव्हा ती अवघी १५ हजार होती. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. सही करण्याआधी वरचा हिशोब आपल्या घरापुरता करून पाहावा.

खड्ड्यात पडून गेला, तर? तेथे ना गाडी ना विमा. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की, खड्डे किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास रस्त्याची जबाबदारी असलेल्या संस्थेने वारसांना ६ लाख रुपये द्यावेत आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख. त्यासाठी समित्या नेमायला सांगितले असून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना त्यात घेतले आहे. फिर्यादीत 'गाडी स्लिप झाली' एवढेच लिहिले गेले, तर हा मार्ग अवघड होतो. खड्डा असेल तर खड्डा हाच शब्द लिहून घ्यावा.

आतापर्यंत आम्ही आपलाच माणूस मेला किंवा जखमी झाला असे धरून लिहिले. पण आपलाच पोरगा दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला ठोकतो, तेही घडते. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने मिळाला. ती पाच वर्षे संपली की पुढचा विमा काढायचे राहून जाते. जुनी गाडी घेणारे तर कागद पाहतच नाहीत. २०२२ साली ठरलेल्या दराने ७५ ते १५० सी.सी.च्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये होता, कर वेगळा. हे सातशे रुपये वाचवले आणि अपघात झाला, तर निकालाची सगळी रक्कम गाडीमालकावर येते. कलम १७४ खाली ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे घराला, जमिनीला जप्ती. विमा आहे पण चालवणाऱ्याकडे लायसन नव्हते, तर कोर्ट अनेकदा कंपनीला सांगते, आधी तुम्ही द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. दहावीतल्या पोराच्या हाती चावी देणाऱ्या बापाला तर वेगळी शिक्षा आहे : कलम १९९-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड.

गाडी विकली पण नावावरून उतरवली नाही, हे तर घरोघरी. एम.एच. ३९ ची गाडी कोऱ्या फॉर्मवर सही देऊन विकायची आणि विसरायची. ती गाडी खेतियाला गेली की निझरला, कोण चालवतो, ठाऊक नसते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारीही त्याचीच. मधल्या चार जणांनी गाडी विकली असली तरी.

मुदतीबद्दल. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत काढून टाकली होती. १ एप्रिल २०२२ पासून ती पुन्हा आली : अपघातापासून सहा महिने. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. ज्यांची मुदत गेली आहे त्यांनी तो दाखवून अर्ज करावा. पण अंतरिम आदेश म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. ज्यांच्या हाती सहा महिने आहेत त्यांनी त्याच्या भरवशावर बसू नये.

दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो, ही समजूतही चुकीची आहे. सुरतेला मजुरीला गेलेला माणूस तेथे गेला, तरी त्याची बायको नंदुरबारला राहात असेल तर येथील न्यायाधिकरणात दावा करू शकते. फक्त कागद तिकडून आणावे लागतात : फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, पोस्टमॉर्टेम अहवाल, समोरच्या गाडीचे आर.सी., विमा आणि लायसन. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपासणाऱ्या पोलिसाने ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. तरी आपला अर्ज आपण वेगळा करावा. दवाखान्याचे प्रत्येक बिल, रिक्षाभाड्याची चिठ्ठीसुद्धा, एका पिशवीत ठेवावी. उपचाराचे म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत, नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. दवाखान्यात पाय ठेवताच त्याबद्दल विचारावे.

वकिलाचे पैसे कोठून आणायचे? एक तृतीयांश मला द्या, बाकी मी पाहतो, असे म्हणणारे भेटतात. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणे वकिलांच्या स्वतःच्याच नियमांना धरून नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, मुलांना, अपंगांना मोफत वकील मिळतो आणि यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या पुरुषांनाही हा हक्क आहे. पण दाखला काढलेला नसतो, किंवा त्यावरच्या नोंदीत घोळ असतो आणि महिना त्यातच जातो. अशा वेळी लक्षात ठेवावे की अर्जदार विधवा किंवा आई असेल तर जातीच्या दाखल्याची गरजच नाही. ती स्त्री आहे, एवढ्यावर तिला वकील मिळतो. नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तेथे साधा अर्ज करावा.

लोकअदालतीत तडजोड होत असेल तर ती वाईट नाही. पैसे लवकर हाती येतात. पण तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा आधी काढून जावे. कोर्टाच्या निकालाविरुद्ध ९० दिवसांत औरंगाबाद खंडपीठात अपील करता येते. विमा कंपनीही जाते, तेव्हा घाबरू नये.

निकाल लागल्यावर सगळी रक्कम एकदम हातात येत नाही. अडाणी आणि गरीब वारसांचे पैसे कोणी लुबाडू नये म्हणून न्यायाधिकरण बराच भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते आणि व्याज महिन्याला मिळते. मुलांचा हिस्सा ते १८ वर्षांचे होईपर्यंत राहतो. मुलीचे शिक्षण, शस्त्रक्रिया, पडके घर अशा कारणाने मध्येच काढायचे असल्यास न्यायाधिकरणाला अर्ज करता येतो. खाते उघडताना ते त्या बाईच्या एकटीच्या नावाने उघडावे. दिराचे किंवा भावाचे नाव जोडू नये, आणि पासबुक तिच्याच पेटीत राहू द्यावे.